नांवांतील पाणी

मागें एकदां बी. ए. च्या वर्गांत आम्ही लू शुन या चिनी लेखकाची ‘मूळ गांव’ ही कथा इंग्रजी भाषांतरावरून शिकवीत होतों. कथा १९२१ सालची, लांबीनें लहान, आणि तिच्यांत घडतें म्हणावें असें फारसें कांहींच नाहीं. वीस वर्षांनीं एक सुशिक्षित गृहस्थ वडिलोपार्जित घराचा निरोप घेण्यासाठीं गांवीं येतो. त्याच्या घरीं सणासुदीच्या कामाला येणाऱ्या गड्याचा मुलगा लहानपणीं त्याचा जिवलग सवंगडी होता. तो आतां सुरकुतलेला शेतकरी होऊन समोर उभा राहतो आणि जुन्या मित्राला ‘मालक’ म्हणून हांक मारतो. या शेतकऱ्याचें नांव रुन-थू. ‘रुन’ म्हणजे अधिक मास आणि ‘थू’ म्हणजे माती. मुलगा अधिक मासांत जन्मला, त्याच्या पांच तत्त्वांत मातीची उणीव निघाली, म्हणून बापानें हें नांव ठेविलें, असा खुलासा लेखकानें कथेंतच करून ठेवला आहे. पुढें हा रुन-थू आपल्या पाठीमागें लपलेल्या पोराला पुढें ओढतो. त्या पोराचें नांव श्वेइ-शंग.

एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, बापाच्या नांवाचा अर्थ लेखक सांगतो, मग मुलाच्या नांवाचा कां सांगत नाहीं?” त्या दिवशीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. इंग्रजी भाषांतरांत तें नांव म्हणजे रोमन लिपींतले नुसते दोन ध्वनि. घरीं येऊन कोश उघडला, तेव्हां ‘श्वेइ’ म्हणजे पाणी आणि ‘शंग’ म्हणजे जन्मणें असें निघालें. माती उणी असलेल्या बापाचा पाण्यापासून जन्मलेला मुलगा! हें लेखकाच्या हातून सहज झालें असेल असें आम्हांस वाटेना. चिनी माणसें मुलाच्या नांवांत पाणी कां घालतात, केव्हांपासून घालतात आणि तें घालण्याचा अधिकार कोणाचा, या वाटेनें आमचें वाचन पुढें पुष्कळ दिवस चाललें. त्यांतलें कांहीं येथें सांगावयाचें आहे.

चिनी नांव हें ऐकावयाचें जितकें, तितकेंच पाहावयाचें असतें, ही गोष्ट आधीं ध्यानांत घेतली पाहिजे. आपण ‘सागर’ हा शब्द लिहिला तर त्या तीन अक्षरांत कोठेंहि पाणी दिसत नाहीं. चिनी लिपींत तसें नाहीं. तेथें बहुतेक अक्षर दोन अवयवांचें असतें. एक अवयव उच्चाराची दिशा दाखवितो, दुसरा अर्थाची जात सांगतो. ज्या अक्षराचा पाण्याशीं संबंध, त्याच्या डाव्या अंगाला तीन लहान फटकारे असतात. वरचे दोन थेंबासारखे, खालचा वर उसळणारा. चिनी भाषेंत त्या अवयवाचें नांवच ‘तीन थेंब पाणी’ असें आहे. समुद्र, नदी, लाट, डोह, निर्मळ, विशाल, खोल या अर्थाच्या अक्षरांत हे तीन थेंब आहेत. १७१६ सालीं खांग-शी बादशहाच्या आज्ञेनें जो प्रसिद्ध कोश पुरा झाला, त्यांत सत्तेचाळीस हजारांहून अधिक अक्षरें २१४ घराण्यांत विभागलेलीं आहेत. एकट्या पाण्याच्या घराण्यांत पंधराशेंहून अधिक अक्षरें भरतात. मुलासाठीं नांव शोधणाऱ्या बापाला यापेक्षां मोठें कोठार कोठें मिळणार?

हे थेंब अनपेक्षित ठिकाणींहि आढळतात. ‘कायदा’ या अर्थाच्या अक्षरांत ते आहेत, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस कोश रचणाऱ्या श्यू शन यानें त्याचें कारण असें दिलें आहे कीं, कायदा पाण्याच्या पृष्ठभागासारखा सपाट असला पाहिजे. ‘राज्य चालविणें’ या अर्थाच्या अक्षरांतहि ते आहेत. खुद्द ‘हान’ हें चिनी लोकांचें नांव मुळांत एका नदीचें. ख्रि. पू. २०६ मध्यें ल्यू पांग याला त्या नदीच्या खोऱ्यांतला मुलूख मिळाला. त्यानें पुढें साम्राज्य उभारलें, तेव्हां नदीचें नांव राजवंशाला आणि राजवंशाचें नांव लोकांना लागलें. ज्या अक्षराचा मूळ अर्थ ‘महापूर’, तेंच ‘हुंग’ हें अक्षर पुढें ‘थोर’ या अर्थानें मुलांच्या नांवांत येऊं लागलें. पीत नदीच्या पुरानें गांवेंच्या गांवें वाहून गेलेल्या देशांत पोराला ‘पूर’ म्हणून हांक मारावी, हें आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याचें भय त्याचेंच बळ मागावयाचें, ही रीत आपल्याकडेहि अगदींच अपरिचित नाहीं. भेद आहे तो निराळा. आपण नद्यांचीं नांवें मुलींना देतों. गोदावरी, कृष्णा, भागीरथी आपल्या घराघरांत होऊन गेल्या. चीनमध्यें महानदी आणि समुद्र हीं बहुधा मुलग्याच्या वांट्याला येतात.

आतां ‘उणीव’ म्हणजे काय तें पाहूं. आपलीं महाभूतें पांच आणि चिनी तत्त्वेंहि पांच. पण संख्येपलीकडे साम्य थोडें. त्यांच्या यादींत वायु नाहीं आणि आकाशहि नाहीं. लांकूड, अग्नि, माती, धातु आणि पाणी असे ते पांच आहेत. तत्त्व हा आमचाच शब्द. चिनी शब्दाचा अर्थ ‘चाल’ असा आहे, आणि तोच अधिक खरा, कारण या पांचांचें सारें महत्त्व एकांतून दुसरें निघण्यांत आहे. लांकडांतून अग्नि, अग्नीच्या राखेंतून माती, मातींतून धातु, धातूंतून पाणी, पाण्यांतून पुन्हां लांकूड. धातूंतून पाणी कसें, असा प्रश्न आम्हांसहि पडला होता. धातु वितळली कीं पाण्यासारखी वाहते, आणि थंड धातूवर दंव धरतें, असें त्याचें समर्थन करतात.

चिनी पंचांगांत दहा ‘खोडें’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांनीं साठांचें एक चक्र होतें. आपल्या साठ संवत्सरांची आठवण व्हावी असें. वर्ष, मास, दिवस आणि प्रहर या चौघांना अशी एकेक जोडी मिळते. म्हणजे प्रत्येक मुलाच्या जन्मकाळाचीं आठ अक्षरें होतात. हीं आठ अक्षरें मांडून भविष्य सांगण्याची पद्धत सुंग राजवंशाच्या काळांत स्थिर झाली. प्रत्येक अक्षर पांचांपैकीं एका तत्त्वाचें. आठांत एकहि पाण्याचें निघालें नाहीं कीं मुलाला पाणी उणें. आणि उणें असेल तें नांवानें भरून काढावयाचें. साधी उणीव असेल तर तीन थेंबांचें एखादें अक्षर पुरे. मोठी वाटली तर ‘म्याओ’ हें अक्षर आहे. त्यांत ‘पाणी’ हें सबंध अक्षर दोहोंवर एक असें तीन वेळां रचलेलें असतें. सुशिक्षित घरांत पाणी अक्षराच्या अंगांत मुरवलेलें असावयाचें. शेतकऱ्याच्या घरीं बहुधा सरळ ‘पाणी’च. आपला जोशी नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षराचा ध्वनि देतो. चू, चे, चो, ला यांपैकीं एक आला कीं त्याचें काम झालें, अर्थ काय निघतो तें घरच्यांनीं पाहावें. चिनी ज्योतिषी ध्वनीची फिकीर कमी करतो; अक्षराच्या अंगांत काय आहे तें तो पाहतो. अलीकडच्या चिनी सुशिक्षितांपैकीं अनेकांनीं या शास्त्राला भ्रम म्हटलें आहे, आणि शास्त्र म्हणून आमचेंहि मत निराळें नाहीं. पण ज्या काळांत पाळण्यांतलें मूल वर्ष काढील कीं नाहीं याची खात्री नव्हती, त्या काळांत बापाच्या हातीं नांवाखेरीज औषध तरी कोणतें होतें? रुन-थूच्या बापानें देवापुढें नवस करून पोराच्या गळ्यांत चांदीचें कडें घातलें होतें. नांव हें तशाच जातीचें दुसरें कडें. माओ त्से-तुंग याच्या आधींचीं दोन भावंडें तान्हेपणीं गेलीं, म्हणून आईनें त्याला एका मोठ्या शिळेच्या ओटींत घातलें आणि ‘शिळेचा तिसरा’ असें घरगुती नांव ठेवलें. आमच्या स्वतःच्या घराण्यांत लागोपाठ दोन मुलें गेल्यावर जन्मलेले एक धोंडोपंत होते, त्यामुळें या गोष्टीचा अर्थ आम्हांस कोणीं समजावून द्यावा लागला नाहीं.

येथपर्यंत गोष्ट बाप, मूल आणि ज्योतिषी यांच्यापुरती आहे. परंतु चिनी नांवावर बापाचा हक्क नेहमींच पुरा नसे. तत्त्वें जशीं एकांतून एक जन्मतात तसें कुळहि पिढींतून पिढी असें चालतें. तेव्हां पिढ्यांचीं नांवें तत्त्वांच्या क्रमानें ठेवावीं, ही कल्पना जुन्या घराण्यांत निघाली. सुंग काळांतला थोर तत्त्वज्ञ चू शी (११३०–१२००) याच्या बापाच्या नांवांत लांकूड होतें, त्याच्या स्वतःच्या नांवांत अग्नि आहे, आणि त्याच्या तिन्ही मुलांच्या नांवांत माती. ही पंडितांच्या घरची हौस झाली. तिचा राजनियम केला तो मिंग वंशाचा संस्थापक चू युआन-चांग यानें. १३६८ मध्यें सिंहासनावर बसलेला हा पुरुष जातीचा दरिद्री शेतकरी. त्याचें मूळ नांव ‘दुहेरी आठ’ आणि त्याच्या बापाचें ‘पांच-चार’. ज्याच्या घरीं नांवाऐवजीं नुसते आंकडे होते, त्यानें आपल्या वंशजांसाठीं नांवांचा जो कायदा केला, तसा दुसऱ्या कोणत्याहि राजानें केलेला आमच्या वाचनांत नाहीं. प्रत्येक मुलाच्या शाखेला त्यानें वीस अक्षरांची एक ओळ नेमून दिली. नांवाचें पहिलें अक्षर पिढीगणिक त्या ओळींतलें क्रमानें यावयाचें. दुसरें अक्षर आईबापांनीं निवडावें, पण त्याच्या अंगांत त्या पिढीचें तत्त्व असलेंच पाहिजे. पोटच्या मुलांना लांकूड, नातवांना अग्नि, मग माती, मग धातु, मग पाणी, आणि पुन्हां लांकूड.

त्याचा चौथा मुलगा, पुढें युंग-लो बादशहा झालेला, चू ती. यांतल्या ‘ती’ अक्षरांत लांकूड आहे. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथें ‘को ती-ह्वा’ या नांवानें ओळखले जाऊं लागले. त्या नांवांतला ‘ती’ हाच. तो एका झाडाचा वाचक असून चिनी साहित्यांत बंधुभावाची खूण समजला जातो.) या चू तीच्या शाखेंत पाण्याची पाळी दोनदां आली आणि दोन्ही वेळां वारसाचा तंटा झाला. पहिल्या पाण्याच्या पिढींतला राजपुत्र च्यन-च्युन. १४४९ मध्यें त्याचा बाप मंगोलांच्या हातीं सांपडला, चुलता गादीवर बसला, आणि १४५२ मध्यें त्यानें पुतण्याला दूर सारून आपला मुलगा च्यन-ची याला युवराज केलें. ‘च्युन’ म्हणजे पाण्याची वाट खणून खोल करणें. ‘ची’ म्हणजे पाणी ओलांडून पलीकडे जाणें. पलीकडे जाणारा पुढच्याच वर्षीं वारला. १४५७ मध्यें बाप परत गादीवर आला, मुलगा पुन्हां युवराज झाला, आणि त्या वेळीं त्याचें नांव बदलून ‘च्यन-शन’ केलें गेलें. ‘शन’ म्हणजे खोल. नांव बदललें तरी तीन थेंब बदलतां येत नव्हते. ते पणजोबांच्याहि पूर्वींच ठरलेले होते.

दुसऱ्या खेपेचा तंटा अधिक लांबला. वान-ली बादशहाचा थोरला मुलगा छांग-लो हा एका दासीच्या पोटचा, आणि बादशहाचें मन होतें लाडक्या राणीच्या छांग-शुन या मुलावर. प्रधानमंडळ थोरल्याच्या बाजूला. या ओढाताणींत पंधरा वर्षें गेलीं. १६०१ मध्यें छांग-लो युवराज ठरला, १६२० मध्यें गादीवर बसला आणि एका महिन्यांत वारला. त्याच्या धाकट्या भावांचीं नांवें पाहावीं तर हाओ म्हणजे विशाल, रुन म्हणजे ओला, यिंग म्हणजे महासागर. एका बापाच्या अंगणांत सारें पाणीच पाणी. कायदा अक्षरशः पाळला गेला. मात्र तो पाळतांना एक फार जुना निर्बंध मोडला, आणि त्या निर्बंधाची कथा आम्हांस या सबंध विषयांत सर्वांत मनोरंजक वाटते.

‘त्सो-चुआन’ या प्राचीन इतिहासग्रंथांत ख्रि. पू. ७०६ या वर्षाखालीं लू राज्याच्या अधिपतीला मुलगा झाल्याचा प्रसंग आहे. राजानें नांवाविषयीं शन श्यू या मंत्र्याचा सल्ला घेतला. मंत्र्यानें सांगितलें, राजपुत्राला देशाचें, अधिकारपदाचें, रोगाचें, पाळीव जनावराचें किंवा यज्ञांतल्या उपकरणाचें नांव देऊं नये. आणि डोंगराचें अथवा नदीचेंहि देऊं नये. कारण चिनी रीतीप्रमाणें पूर्वजाचें नांव मेल्यावर उच्चारावयाचें नसतें. राजाचें नांव नदीचें असेल तर तो मेल्यावर नदीला हांक कशी मारावी? लू राज्यांतल्या दोन डोंगरांचीं जुनीं नांवें याच कारणानें टाकून द्यावीं लागलीं होतीं, असा दाखलाहि त्यानें दिला. तो राजपुत्र बापाच्याच जन्मतिथीला जन्मला होता, म्हणून त्याचें नांव ‘थुंग’, म्हणजे ‘तोच’, असें ठेवून राजा मोकळा झाला.

हा निर्बंध कागदी नव्हता. थांग वंशाच्या संस्थापकाचें नांव ली युआन. ‘युआन’ म्हणजे डोह. त्याच्या वंशाच्या राज्यांत तें अक्षर लिहिण्याची चोरी झाली, आणि दोनशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या थाओ युआन-मिंग या कवीचें नांव त्या काळच्या ग्रंथांत ‘थाओ छुआन-मिंग’ किंवा ‘थाओ शन-मिंग’ असें आढळतें. डोहाच्या जागीं कोणीं झरा लिहिला, कोणीं ‘खोल’ लिहिलें. मेलेल्या कवीलाहि राजासाठीं आपलें पाणी बदलावें लागलें.

आणि ‘लो’ ही तर प्रत्यक्ष नदीच. हिच्याच कांठीं लोयांग हें प्राचीन राजधानीचें शहर. इ. स. २५ मध्यें उत्तर हान वंशाची राजधानी तेथें आली तेव्हां अडचण पडली कीं हान वंशाचें तत्त्व अग्नि, आणि शहराच्या नांवांत पाणी. पाणी अग्नीला मारतें. तेव्हां नदीच्या नांवांतले तीन थेंब काढून टाकले आणि त्या जागीं दुसऱ्या अंगाला पक्ष्याचा अवयव बसविला. उच्चार तोच राहिला. नदी लिहिण्यांत मात्र कोरडी झाली. २२० मध्यें वेइ वंश आला. त्याचें तत्त्व माती. मातीला पाण्याचें वावडें नाहीं, उलट पाण्यानेंच ती मऊ होते, म्हणून पक्षी उडवून थेंब परत आणले. अशी नोंद जुन्या इतिहासांत आहे. पुढें चौदाशें वर्षांनीं छांग-लो बादशहा एक महिना राज्य करून वारला, तेव्हां त्याच्या नांवाचा मान राखण्यासाठीं लिहिणाऱ्यांनीं पुन्हां तोच जुना पक्षी आणून बसविला. लोयांगवर या सुमारास जहागीर कोणाची, तर हरलेल्या भावाची, छांग-शुनची. १६१४ मध्यें त्याला तेथें धाडलें होतें. थोरल्याचें नांव ज्या नदीचें, तिच्या कांठीं धाकट्यानें सत्तावीस वर्षें काढलीं, आणि १६४१ मध्यें ली त्स-छंग याच्या बंडखोर सैन्यानें तें शहर घेऊन त्याला ठार केलें. त्याआधींच, १६३६ मध्यें, उत्तरेकडच्या मांचू राजानें आपल्या राज्याला ‘छिंग’ असें नवें नांव दिलें होतें. ‘मिंग’ म्हणजे प्रकाश, त्यांत सूर्य आणि चंद्र. ‘छिंग’मध्यें तीन थेंब. अग्नीला विझविण्यासाठींच हें नांव घेतलें, असा तर्क पुष्कळ जुना आहे. तर्कच तो, पण चिनी वाचकाला तो लगेच पटावा, यावरून या थेंबांचें वजन कळतें.

राजघराण्यांतली ही शिस्त साध्या कुळांतहि होती, मात्र तत्त्वांचा कांच नसलेली. हूनान प्रांतांतल्या माओ कुळाचीहि पिढ्यांच्या अक्षरांची एक ओळ होती. आजोबांच्या पिढीचें अक्षर ‘अन’, बापाच्या पिढीचें ‘यी’, आणि १८९३ मध्यें जन्मलेल्या मुलाच्या पिढीचें ‘त्से’. या ‘त्से’मध्यें तीन थेंब आहेत, अर्थ दलदल, पाणथळ, आणि त्यावरून ओलावा, कृपा, उपकार. तेव्हां त्से-तुंग आणि त्याचे भाऊ त्से-मिन व त्से-थान या तिघांनाहि पाणी मिळालें तें कोणाच्या पत्रिकेवरून नव्हे, तर कुळाच्या वहीवरून. चिनी रीतीप्रमाणें सुशिक्षित पुरुष वयांत आला कीं त्याला दुसरें, आदराचें नांव मिळतें, आणि तें पहिल्याचा अर्थ उजळणारें असावें लागतें. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यन ह्वेइ. ‘ह्वेइ’ म्हणजे वळण घेणें, भोंवऱ्यासारखें फिरणें, म्हणून त्याचें आदराचें नांव त्सु-युआन, ‘डोह’. माओचें आदराचें नांव रुन-च. हा ‘रुन’ ओलाव्याचा. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. कथेंतल्या गरीब रुन-थूच्या नांवांतला ‘रुन’ अधिक मासाचा. त्या अक्षराच्या डावीकडे तीन थेंब घातले कीं माओच्या नांवांतला ‘रुन’ होतो. इंग्रजींत दोघांचें स्पेलिंग एकच. कागदावरच्या चिनी अक्षरांत तीन थेंबांचें अंतर.

रोमन लिपीनें आणि आपल्या वर्तमानपत्रांनीं या बाबतींत किती घोटाळा करून ठेवला आहे, याचें आणखी एक उदाहरण. १९९३ ते २००३ या काळांत चीनचे अध्यक्ष असलेल्या गृहस्थांचें नांव आपण ‘जियांग झेमिन’ असें वाचलें. त्यांतला ‘झे’ आणि माओ त्से-तुंग मधला ‘त्से’ हें एकच अक्षर आहे. ‘झेमिन’ आणि माओचा भाऊ ‘त्से-मिन’ हीं तर अक्षरशः एकच नांवें, ‘लोकांवर ओलावा धरणारा’. आडनांव ‘जियांग’ म्हणजे महानदी, तेथेंहि तीन थेंब. अशा जुळणीची चिनी वाचकाला गंमत वाटते. आपल्याला ती दिसतच नाहीं.

कुळांच्या वह्या आतां पुष्कळ ठिकाणीं बंद पडल्या. एकेका घरांत एकच मूल, मग पिढीचें अक्षर जुळवावयाचें कोणाशीं? पण पाणी गेलें नाहीं. २०२१ सालीं जन्मलेल्या मुलांच्या नांवांचा जो हिशेब चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयानें प्रसिद्ध केला, त्यांत मुलग्यांमध्यें ‘मू-छन’ आणि ‘हाओ-यू’ हीं नांवें आघाडीवर होतीं. ‘हाओ’ म्हणजे विशाल, तीन थेंबांचें. वान-ली बादशहाच्या एका मुलाचें अक्षर तें हेंच. ‘मू’ म्हणजे न्हाणें; त्यांत डावीकडे पाणी आणि उजवीकडे लांकूड, म्हणजे एका अक्षरांत दोन उणिवांची सोय.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. लू शुन हें टोपणनांव; लेखक शाओशिंग गांवच्या चौ घराण्यांतला, जन्म १८८१ चा. लहानपणीं त्याचें आदराचें नांव ‘यू-शान’ असें ठेवलें होतें. तें ऐकतांना ‘पावसाची छत्री’ असें वाटे, म्हणून पोरें चिडवीत, आणि तें बदलून घ्यावें लागलें. नांवाचा जाच त्याला ठाऊक होता. १९१९ च्या डिसेंबरांत तो घर मोडून आईला बीजिंगला नेण्यासाठीं गांवीं गेला. त्या प्रवासांतून ही कथा निघाली. त्याचा धाकटा भाऊ चौ त्सो-रन यानें पुढें कथेंतल्या माणसांचीं मूळ माणसें कोण, तें लिहून ठेवलें आहे. रुन-थू खराच होता. घरीं कामाला येणाऱ्या, बांबूचें काम करणाऱ्या गड्याचा मुलगा. त्याचें खरें नांव चांग युन-श्वेइ.

‘श्वेइ’ म्हणजे पाणी. खऱ्या मुलाच्या नांवांत पाणी होतें. ‘युन’ आणि ‘रुन’ हे दोन ध्वनि शाओशिंगच्या बोलींत सारखेच, म्हणून पहिलें अक्षर सहज फिरलें असें म्हणतां येईल. पण पाण्याची माती सहज होत नाहीं. लेखकानें ती मुद्दाम केली. ज्याचें सारें आयुष्य समुद्रकांठच्या वाळवट जमिनींत राबण्यांत गेलें. पोरांचा तांडा, दुष्काळ, कर, शिपाई, दरोडेखोर, अधिकारी आणि जमीनदार यांनीं पिळून ज्याचा लांकडी पुतळा केला, त्याच्या पत्रिकेंत पाणी उणें होतें असें लिहून काय साधणार? त्याला माती उणी होती. ज्योतिष्याच्या भाषेंतलें एक साधें वाक्य घेऊन लेखकानें त्यांत शेतकऱ्याची सारी हकीगत भरली, आणि वर ओठावर हंसूंहि आणलें नाहीं. बापानें नांवांत माती घातली. ती हातांत कधींच आली नाहीं.

काढून घेतलेलें पाणी लेखकानें फेंकून मात्र दिलें नाहीं, असा आमचा तर्क आहे. तें त्यानें मुलाला दिलें. पंचतत्त्वांच्या क्रमानें पाहिलें तर मातींतून धातु जन्मावयाची, पाणी नव्हे. उलट माती पाण्याला बांध घालते. तेव्हां श्वेइ-शंग हें नांव शास्त्राला धरून आलेलें नाहीं. त्याचा खुलासा लेखकानें केला नाहीं, कारण केला असता तर पुन्हां एक उणीव सांगावी लागली असती, आणि या मुलाच्या कपाळीं ती लिहावयाची त्याची तयारी नव्हती. बाप गळ्यांत चांदीचें कडें घेऊन कथेंत आला होता. या मुलाच्या गळ्यांत कडें नाहीं. गरिबीमुळें नाहीं, हें उघड आहे. पण नाहीं, एवढें खरें. कथेच्या अखेरीस तो लेखकाच्या पुतण्याशीं खेळतो, त्याला आपल्या घरीं बोलावतो, आणि नाव पुढें निघून गेल्यावरहि पुतण्या त्याचीच आठवण काढीत बसतो. विद्यार्थ्याला आम्हीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “मग लेखकानें स्वतःच्या मुलाचें नांव काय ठेवलें?” चांगले विद्यार्थी असे शिक्षकाला स्वस्थ बसूं देत नाहींत.

लू शुनला एकच मुलगा. तो १९२९ सालीं शांघायमध्यें जन्मला. त्याचें नांव हाइ-यिंग. ‘हाइ’ म्हणजे समुद्र, तीन थेंबांचें अक्षर. पण तें पत्रिकेवरून आलें नव्हतें आणि कुळाच्या वहीवरूनहि नाहीं. शांघाय या शहराच्या नांवांतलें तें शेवटचें अक्षर, आणि ‘यिंग’ म्हणजे तान्हें मूल. शांघायचें मूल, एवढाच अर्थ. मोठेपणीं मुलाला आवडलें नाहीं तर त्यानें तें बदलावें, असें बापानें म्हणून ठेवलें होतें. बाप १९३६ मध्यें वारला तेव्हां मूल सात वर्षांचें होतें. हाइ-यिंग पुढें रेडिओच्या शास्त्रांत काम करीत राहिले, त्यांनीं छायाचित्रें काढलीं, वडिलांविषयीं लिहिलें, आणि २०११ सालीं ते बीजिंगमध्यें वारले. नांव त्यांनीं बदललें नाहीं.